असं गावच नव्हतं

रायस्वाइक,
१० डिसेंबर २००६

श्री. नीळकंठराव यांस,
सुहासिनीचा नमस्कार.

कालही फोन केला होता. तुम्ही "हॅलो" म्हणालात, माझा आवाज ओळखलात आणि रिसीव्हर आदळलात. टेलिफोन खात्यात मी जन्मभर लोकांचे ट्रंककॉल जोडून दिले. कलेक्टरांचे दिले, मटकेवाल्यांचे दिले, पळून गेलेल्या मुलींचे त्यांच्या आयांना दिले. माझा आवाज ऐकून फोन ठेवणारे तुम्ही पहिलेच. म्हणून आता पत्र लिहिते आहे, ते आदळलंत तरी फुटायचं नाही.

तुम्ही मला इकडे डच मुलुखात यायची परवानगी दिली नव्हती हे खरं. मी ती मागितलीही नव्हती. सुनेच्या बाळंतपणाला जाते आहे, एवढंच सांगितलं होतं. त्यावर तुम्ही "गेलीस तर आपला संबंध संपला" असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलता त्या आवाजात बोललात. समोर मी एकटीच होते, तरी "सर्वांनी नोंद घ्यावी" असंही म्हणालात. मी नोंद घेतली आणि बॅग भरली.

आता बातमी. नात झाली. गुंजन नाव ठेवलंय. नाक तुमचं आहे, पण इथली नर्सबाई म्हणाली की वाढत्या वयात सुधारतं. ही नर्सबाई बाळंतिणीची देखभाल करायला घरी येते. पहिल्याच दिवशी तिनं डिसेंबरात खिडक्या सताड उघडल्या आणि पाहुण्यांना टोस्टवर साखरेत घोळलेली गुलाबी बडीशेप घालून दिली. इथे मुलगी झाली की अशी वाटतात म्हणे. बडीशेप बघितल्यावर मला जरा धीर आला, म्हटलं लोक अगदीच परके नाहीत.

डिंकाचे लाडू मात्र अंगाशी आले. अश्लेषानं एक खाल्ला, "आई, फारच छान झालेत," म्हणाली आणि दुसऱ्याला हात लावला नाही. आपला लेक निहार ऑफिसला जायला आर्नहेमची गाडी पकडतो, त्याला घास गिळायला वेळ नाही. डबाभर लाडू माझ्याकडे बघत बसलेत.

ओळखी दोन झाल्या. आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून, सबीना राहते. पन्नाशीची असेल. स्वतःच्या देशात दातांची डॉक्टर होती, इथे दुसऱ्या डॉक्टरच्या हाताखाली आहे. एकटीच आहे. तिच्या देशाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. डोंगराळ आहे, आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा असेल, आणि तिथे काहीतरी फार वाईट झालं, एवढं कळलं. ती त्याबद्दल बोलत नाही आणि मी विचारलं नाही. हसू नका, मलाही कधीकधी गप्प बसता येतं.

दुसरी बाई ट्रॅममध्ये भेटली. अश्लेषा रोज म्हणते, "आई, जरा बाहेर फिरून या." म्हणजे घरात जरा कमी बोला. म्हणून मी एक नंबरची ट्रॅम पकडून समुद्रापर्यंत जाऊन येते. तिथे ही माझ्याशेजारी बसली. लिओना नाव. माझ्याहून वयानं मोठी, कोटाला लोकरीची कॉलर, मांडीवर केकचा डबा. नवऱ्याला भेटायला जाते म्हणाली. हृदयाचा त्रास आहे, डॉक्टर रोज तपासतात, पण त्याला बाहेर सोडत नाहीत. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माझा जीव कळवळला. नवरा असा आजारी, तरी बाई रोज डबा घेऊन जाते, आणि माझा ठणठणीत असून फोन उचलत नाही.

शेजारच्या उल्काकडून तुमची खबर कळते. मुलांनी आवारात क्रिकेट खेळू नये अशी नोटीस लावलीत, आणि खाली हातानं लिहिलंत की या देशाला पाच वर्षं एक हुकूमशहाच पाहिजे. क्रिकेटशी त्याचा काय संबंध ते उल्काला कळलं नाही. दूध उतू जाऊ देऊ नका.

सुहासिनी


रायस्वाइक,
४ जानेवारी २००७

श्री. नीळकंठराव यांस नमस्कार.

तुमचं पत्र नाही. उल्का म्हणते तुम्ही पत्रपेटी दिवसातून पुष्कळदा उघडता आणि कुणी बघितलं तर कुलूप तपासल्यासारखं करता.

लाडवांची सोय लागली. लिओनाला म्हटलं, हृदयाचा रोगी म्हणजे अशक्तपणा आलाच, आमच्याकडे त्यावर डिंकाचे लाडू देतात. ती आधी बिचकली. मी तिच्यासमोर एक खाऊन दाखवला. दोन दिवसांनी सांगत आली की नवऱ्याला फार आवडले, तिथल्या जेवणाला त्याचं तोंड विटलं होतं. मग मी उरलेला डबाच तिच्या हवाली केला, आणि परवा नवीन घाणा केला. तुम्ही माझ्या लाडवांना दगड म्हणता. जगात त्यांची कदर करणारा एक माणूस निघाला.

मजा म्हणजे काय, लिओना आणि सबीना एकाच देशाच्या निघाल्या! लिओनानं तिच्या देशाचं नाव सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे तेच ते, मला म्हणता न येणारं. मी दोघींजवळही एकमेकींबद्दल अक्षर बोलले नाही. परमुलुखात आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं की काय होतं ते मला विचारा. त्या दिवशी दुकानात एका बाईनं मुलाला "शेंबूड पूस" म्हटलं आणि मी धावत जाऊन तिला मिठी मारली. तेव्हा या दोघींना मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणार आहे आणि तिथे समोरासमोर आणणार आहे. लाइन जोडायची जुनी सवय, दुसरं काय.

अश्लेषाला हळदीकुंकू नको होतं. "आई, मी रात्रभर जागी असते." मी म्हटलं तू नुसती बस. मग विधवांचा प्रश्न निघाला, कारण सबीनाचा नवरा गेलेला आहे. मी सांगितलं, माझ्या घरी येईल तिला मी कुंकू लावणार. आपल्या सोसायटीत तुम्ही याविरुद्ध ठराव आणला होतात, त्याची आठवण झाली. इथे चेअरमन नाही, त्यामुळे माझा ठराव मंजूर झाला.

वाण म्हणून चीजच्या चकत्या काढायची सुरी घेतली. इथे घरोघरी असते, उलथन्यासारखी दिसते आणि मधे फट. आपल्या बायका तिनं काकडी सोलतील.

सबीनाला हल्ली झोप नसते. पुढच्या महिन्यात कसल्याशा कोर्टात तिला साक्षीला जायचंय. मी म्हटलं गोड खा, बरं वाटेल.

सुहासिनी


रायस्वाइक,
२२ जानेवारी २००७

श्री. नीळकंठराव यांस नमस्कार.

परवा शनिवारी हळदीकुंकू उत्तम झालं. हार्लेमहून सुद्धा बायका आल्या. मटार उसळ पुरली. सगळ्यांनी उखाण्याचा आग्रह केला, तेव्हा मी घेतला:

रुळावरून धावते ट्रॅम, थांबते नाक्यानाक्यावर,
नीळकंठरावांचा राग मात्र चोवीस तास नाकावर.

खूप टाळ्या पडल्या. गुंजन सगळा वेळ झोपली. हवा थंड आहे. बाकी विशेष काही नाही.

सुहासिनी


रायस्वाइक,
२३ जानेवारी

अहो,

कालच्या पत्रात "बाकी विशेष काही नाही" असं लिहिलं, ते खोटं आहे. पत्र पेटीत पडून गेलं, नाहीतर फाडलं असतं.

लिओना वेळेआधी आली. मोत्यांची माळ, काळा रेशमी पोशाख. मी तिला हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, हातात सुरी दिली. बायका म्हणाल्या, किती खानदानी दिसते! मग दार वाजलं आणि सबीना आली. मी तिचा हात धरला, लिओनाचा हात धरला, दोन्ही हात एकमेकींत दिले, वर तिळगूळ ठेवला आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं, "सेम कंट्री! सेम लँग्वेज! तिळगूळ घ्या, गोड बोला!"

मला वाटलं आता दोघी गळ्यात पडतील. सबीना हात मागे ओढायला लागली. लिओना मात्र हसली आणि तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. सबीनानं एकच शब्द उच्चारला. दोर्वा. लिओनानं मान हलवली आणि फार गोड आवाजात एक वाक्य बोलली. सबीनानं हात सोडवून घेतला. तिळगूळ सतरंजीवर पडला. ती माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "मी माझ्या गावाचं नाव सांगितलं. ती म्हणते, असं गावच नव्हतं." आणि निघून गेली.

एवढ्यात अश्लेषा बाळाला पाजून बाहेर आली. लिओनाला बघितलं आणि मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "आई, ही कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?" मी म्हटलं, लिओना, हिचा नवरा हॉस्पिटलात आहे. ती म्हणाली, "आई, तो हॉस्पिटलात नाही. तो तुरुंगात आहे. तो त्यांच्या देशाचा अध्यक्ष होता. हेगच्या कोर्टात त्याच्यावर खटला चाललाय, रोज पेपरात असतं. त्यानं गावंच्या गावं मारली, आई. सैनिक पाठवून. बायका, मुलं, सगळी."

 तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार माणुसकीचा नव्हता. तो असा होता की माझे डिंकाचे लाडू त्यानं खाल्ले. दोन घाणे. ताकद यावी म्हणून मी खारीक जास्त घातली होती.

बाहेर बायकांचे उखाणे चालूच होते. लिओनानं सगळ्यांचा निरोप घेतला, मला नमस्कार केला आपल्यासारखा हात जोडून, आणि सुरी पर्समध्ये घालून गेली.

मग निहारनं मला सगळं समजावलं. इतर गावांचे साक्षीदार आहेत. दोर्वाची सबीना एकटीच उरलीय. तो माणूस कोर्टात म्हणतो की दोर्वा नावाचं गावच नव्हतं, ती सैन्याची नेमबाजीची मोकळी जागा होती. घरं जाळली, वर झाडं लावली, नकाशावरून नाव पुसलं. सबीना साक्षीला गेली नाही, तर त्या गावाबद्दल कोर्टात कुणीच बोलणार नाही.

आणि काल रात्री सबीनानं आपल्या बाजूच्या वकिलांना कळवलं, निहारलाही फोनवर सांगितलं, की ती जाणार नाही. तिचा भाऊ अजून त्या देशात राहतो. आजपर्यंत तिचा पत्ता कुणाला माहीत नव्हता. आता त्या माणसाच्या बायकोला तिचा जिना, तिचं दार, सगळं माहीत आहे. कारण मी तिला आग्रहाचं आमंत्रण दिलं.

तुम्ही म्हणाला असतात, तुला कुणी सांगितलं होतं? या वेळी म्हणा. मी ऐकून घेईन.

सुहासिनी


रायस्वाइक,
२ फेब्रुवारी

अहो,

सबीना दार उघडत नाही. शिरा ठेवला, तसाच. पुरणपोळी ठेवली, ती समोरच्या डच आजोबांनी नेली आणि रिकामी बशी धुऊन आणून दिली. आवडली म्हणाले.

काल अश्लेषा गुंजनला डॉक्टरकडे घेऊन गेली होती आणि बेल वाजली. लिओना! हातात अक्रोडाचा केक. मी इतकी गांगरले की ती आत येऊन बसली तरी मी दारातच.

ती म्हणाली, तुम्ही सज्जन बाई आहात, माझ्या नवऱ्याला तुम्ही प्रेमानं खाऊ पाठवलात. त्याच्याबद्दल लोक काय वाट्टेल ते लिहितात. त्याच्या काळात रस्ते झाले. गाड्या वेळेवर धावायच्या. रस्त्यावर थुंकायची कुणाची टाप नव्हती. लोकांना शिस्त लावायची तर थोडं कडक व्हावंच लागतं.

अहो, मला क्षणभर बिबवेवाडीत आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. शब्द न् शब्द तुमचा. थुंकण्याचा सुद्धा.

मग ती मुद्द्यावर आली. "तुम्हीच म्हणालात ना, गोड बोला? तुमच्या शेजारणीला समजवा. झालं ते झालं. तिचा भाऊ तिकडे चांगला संसार करतोय. कशाला त्याच्या जिवाला घोर?" हे बोलताना ती केक कापत होती, आणि कशानं, तर माझ्याच सुरीनं. तुरुंगाच्या दारावर सुरी काढून घेतात म्हणून एरवी पर्समध्ये ठेवत नाही, आज खास माझ्याकडे म्हणून आणली, असं हसत सांगितलं.

मला आयुष्यभर सगळ्यांनी हेच काम दिलं. सुहासिनी, जरा समजव. सुहासिनी, जरा मिटव. जावांची भांडणं मिटवली, तुमची आणि तळमजल्यावरच्या दत्ता गोखल्यांची पाण्याच्या टाकीवरून मारामारी होता होता मिटवली. कुणीही रागावलं की माझा जीव खालीवर होतो. पण त्या बाईकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं, हे मिटायला नको. हे मिटलं तर ते गाव दुसऱ्यांदा मेलं.

 मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे गोड बोला म्हणतात ते भांडलेल्या माणसांना. मेलेल्यांनी कुणाशी गोड बोलायचं?" इंग्रजी कसं जमलं देव जाणे. ती उठली. मी तिला चहा विचारला नाही. घरी आलेल्या माणसाला चहा न विचारता परत पाठवण्याची माझी ही पहिलीच वेळ, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. केक मात्र विसरून गेली. कचऱ्यात टाकताना जिवावर आलं, अक्रोड पुष्कळ होते.

निहारनं लगेच कोर्टाच्या माणसांना कळवलं. एक उंच बाई येऊन माझा जबाब घेऊन गेली. उखाणासुद्धा लिहून घेतला की काय कोण जाणे.

सुहासिनी


रायस्वाइक,
१५ फेब्रुवारी

अहो,

तुमचं पत्र मिळालं! सोसायटीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. मजकूर: "आपली पत्रे पोचली. परक्या देशाच्या राजकारणात पडू नये. प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते. माणूस कडक असतो म्हणून वाईट नसतो." आणि खाली चेअरमनचा शिक्का. बायकोला शिक्का मारून पत्र पाठवणारे तुम्ही महाराष्ट्रात एकटेच असाल. तरी पत्र आलं म्हणून मी ते अश्लेषाला, निहारला आणि गुंजनला वाचून दाखवलं. गुंजन रडली.

आता दुसऱ्या बाजूचं ऐका.

लिओना येऊन गेली हे सबीनाला सांगणं भाग होतं. दार उघडेना, म्हणून मी तिच्या दाराशी स्टूल टाकून बसले आणि पत्रं टाकायच्या फटीतून बोलायला लागले. थंडी अशी की शब्द गोठावेत. भावाबद्दल ती बाई काय म्हणाली ते सगळं सांगितलं. माझ्या मूर्खपणाबद्दल माफी मागितली. 

मग माझ्याजवळचे शहाणपणाचे शब्द संपले. उरला तो माझा मूळ स्वभाव. तुम्ही ज्याला नसत्या चौकशा म्हणता तो. मी फटीतून विचारलं, "सबीना, तुझ्या गावात सगळ्यांत भांडकुदळ कोण होतं गं?"

 मग दारामागून अगदी जवळून आवाज आला, "मार्ता."

"कुणाशी भांडायची?"

"सगळ्यांशी. कोंबड्यांवरून."

आणि दार उघडलं.

त्या दिवसापासून आमचं रोजचं सत्र चालू आहे. मी खोदून खोदून विचारते, ती सांगते. मार्ताची सून सासूला कंटाळून माहेरी पळाली, ती तीन घरं पलीकडच्याच माहेरी. पाद्री चोरून दारू प्यायचा आणि दातदुखीवर औषध म्हणून पितो असं सबीनाला सांगायचा. ग्रेगोर नावाचा इतका चिकट माणूस होता की कवळी एकच करून घेतली, नवरा-बायको आळीपाळीनं जेवायची. अहो, मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले. सबीनाही हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. म्हणाली, "वकील फक्त त्या एका दिवसाबद्दल विचारतात. हे मला कुणी विचारलंच नव्हतं."

त्या एका दिवसाबद्दलही तिनं सांगितलं. ती औषधं आणायला तालुक्याला गेली होती. परत येताना वरच्या रस्त्यावरून तिला सगळं दिसलं. नवरा आणि मुलगा खाली होते. मला ते लिहवत नाही. तुम्हीही विचारू नका.

मी म्हटलं, "आणि ही बया म्हणते असं गावच नव्हतं! माझ्या सोसायटीपेक्षा जास्त भानगडी आहेत तुझ्या गावात!"  मग तिनं भावाला फोन लावला. मला भाषा कळत नाही, पण फोनवरच्या माणसाचा स्वर मला कळतो, पोटासाठी तेच केलंय. पलीकडचा माणूस घाबरला होता, आणि तरी तो हो म्हणत होता. फोन ठेवून ती म्हणाली, "तो बायकोमुलांना घेऊन सीमेपलीकडे जातोय. म्हणाला, तू बोल."

सव्वीस तारखेला साक्ष आहे. मी जाणार.

सुहासिनी


रायस्वाइक,
१ मार्च २००७

अहो,

हे पत्र शांतपणे वाचा. कुणी बेल वाजवली तर उघडू नका.

कोर्टात प्रेक्षकांना काचेमागे बसवतात. प्रत्येकाला हेडफोन देतात, त्यात भाषांतर ऐकू येतं. किती वर्षांनी कानावर हेडफोन चढवला! सवयीनं तोंडातून "नंबर प्लीज" निघणार होतं. पहिल्या रांगेत लिओना होती, तीच मोत्यांची माळ. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

तो आला. मी काय काय मनात आणलं होतं! प्रत्यक्षात निळ्या सुटातला एक जाडसर म्हातारा, बसायच्या आधी खुर्ची रुमालानं पुसून घेणारा. रंग चांगला टवटवीत होता. माझ्या मनात आलंच, खारीक मानवलेली दिसते. स्वतःचीच लाज वाटली.

सबीनाला पडद्याआडून, आवाज बदलून साक्ष देता आली असती. ती नको म्हणाली. त्याच्यासमोर सरळ बसली. आधी त्या दिवसाचं सांगितलं, हळू आवाजात, न थांबता. मग त्याचा वकील उठला. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "बाई, आपलं दुःख मी समजू शकतो. पण या नकाशावर दोर्वा कुठे आहे ते दाखवा." नकाशा पडद्यावर आला. तिथे हिरवा रंग होता नुसता.

सबीना म्हणाली, "नकाशावर नाही. पण मी सांगते." आणि तिनं सुरुवात केली. मार्ताच्या कोंबड्या, तीन घरं पलीकडे पळालेली सून, पाद्र्याचं औषध. ग्रेगोरच्या कवळीला काचेमागे लोक चक्क हसले. एका न्यायाधीशानं चष्मा काढून पुसला. वकिलानं दोनदा हरकत घेतली, की या गप्पांचा खटल्याशी संबंध नाही, गोष्टी कुणीही रचू शकतं. तो म्हातारा हाताची घडी घालून छताकडे बघत होता.

मग सबीना म्हणाली, "अध्यक्ष स्वतः आमच्या गावात आले होते. निवडणुकीच्या दौऱ्यावर असताना त्यांची दाढ सुजली. भोवती मैलोन् मैल दुसरा दातांचा डॉक्टर नव्हता. ती दाढ मी काढली, खालची, डावीकडची." हे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. वकील हसला. म्हणाला, "अध्यक्षांनी आपल्या खुर्चीत बसून दाढ काढून घेतली, असं आपलं म्हणणं?"

"हो," सबीना म्हणाली. "मला आठवतं त्याप्रमाणे ते थोडे रडले. बधिर करायची सुई दिली तरी पुष्कळ लोक रडतात."

तो ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. त्याचा वकील त्याची बाही ओढत होता, त्यानं हात झटकला. सबीनाकडे बोट करून ओरडला, आणि हेडफोनमधल्या त्या शांत मुलीनं शांतपणे भाषांतर केलं: "खोटं! मी रडलो नाही! मी सुईसुद्धा घेतली नव्हती! सगळ्यांनी बघितलं आहे!"

मुख्य न्यायाधीशांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "कुठे?"

 तो उभाच होता, तोंड उघडं. वकिलानं डोळे मिटून घेतले होते. अहो, मी इथे टाळी वाजवणार होते. मला वाटलं, संपलं, जिंकलो आपण, घरी जाऊन श्रीखंड करावं. निहारला सांगायचे शब्दसुद्धा मी मनात जुळवायला लागले होते.

पण न्यायाधीश सबीनाकडे वळले. त्यांनी विचारलं, आरोपीचं म्हणणं बरोबर आहे का?

ती म्हणाली, "हो. माझी आठवण चुकली. आता आठवलं. ते रडले नाहीत. सुईला नको म्हणाले. फार धीरानं बसले होते. सगळं गाव माझ्या खिडकीबाहेर गोळा झालं होतं. दाढ निघाल्यावर ते उठून खिडकीत आले, हात वर केला, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्तानं सगळ्यांत जास्त. माझ्या नवऱ्यानं मुलाला खांद्यावर घेतलं होतं, दिसावं म्हणून. आम्हाला वाटलं, असाच माणूस पाहिजे. आम्ही सगळ्यांनी त्यांनाच मत दिलं होतं."

न्यायाधीशांनी विचारलं, "खिडकीबाहेर कोण कोण होतं, सांगू शकाल?"

ती डावीकडून सुरुवात करून एकेकाचं नाव घेत गेली. प्रत्येक नावानंतर जरा थांबायची. काचेमागे आता कुणी हसत नव्हतं.

मी तिथे बसून रडत होते. लोकांना वाटलं असेल, सबीनासाठी. तिच्यासाठी होतंच. पण खरं सांगते, त्या खिडकीबाहेरच्या गर्दीत मला तुम्ही दिसत होतात. इस्त्रीचा सदरा घालून, सगळ्यांच्या पुढे उभे, सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवताना. तुम्ही कडक आहात, पण वाईट नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती माणसंही वाईट नव्हती हो. त्यानं त्यांच्यातलं एकही सोडलं नाही.

तुमची,
सुहासिनी